५ व्होल्टच्या सप्लायवर बफर आणि लो-पास फिल्टर: रेल-टू-रेल ऑप-ॲम्प नेमका कुठे अडतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये कॉम्प्रेसरच्या टाकीवर १० बारचा, ०.५ ते ४.५ व्होल्ट देणारा तीन तारांचा प्रेशर सेन्सर बसवलाय. दोन मीटर शील्डेड केबल, पुढे ऑप-ॲम्पचा (सिग्नल हाताळणाऱ्या चिपचा) बफर, म्हणजे सिग्नल जसाच्या तसा पुढे देणारा टप्पा, मग १०० हर्ट्झच्या वरचा आवाज अडवणारा लो-पास फिल्टर आणि शेवटी एमसीपी३२०२ हा १२ बिटचा एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारी चिप. सगळं एकाच ५ व्होल्टवर चालतं. रात्री मशीन बंद असताना टाकीतला दाब किती वेगाने उतरतो यावरून हवेची गळती काढायची आहे. बफरला एलएम३५८ हा ऑप-ॲम्प लावला तर वाचन ७.५ बारच्या आसपास अडकायचं. एमसीपी६००२ हा रेल-टू-रेल ऑप-ॲम्प लावल्यावर ते सुटलं, पण ८ बारच्या थोडं वर एक बारीक पायरी दिसते. एडीसीजवळ ०.१ मायक्रोफॅराडचा कपॅसिटर लावला की आउटपुट थरथरतो, आणि शेजारची व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारी ड्राइव्ह) चालू झाली की वाचन सरकतं.

एलएम३५८चं आधी उरकतो. त्याचं इनपुट आणि आउटपुट, दोन्ही वरच्या रेलच्या (सप्लायच्या धन टोकाच्या; खालची रेल म्हणजे ग्राउंड) साधारण दीड व्होल्ट खालीच थांबतात. ५ वजा १.५ म्हणजे ३.५ व्होल्ट. तुमचा सेन्सर प्रति बार ०.४ व्होल्ट देतो, त्यामुळे ३.५ व्होल्ट म्हणजे बरोबर ७.५ बार. चिप ठीक आहे, ती या कामाची नाही एवढंच. तिच्या जागी जुना टीएल०७२ ठेवायचा विचार कुणी सुचवला तर सोडून द्या. तो ५ व्होल्टच्या एकेरी सप्लायसाठी केलेलाच नाही, आणि इनपुट खालच्या रेलजवळ गेलं की त्याचा आउटपुट उलटा फिरतो.

आता पायरी. या सगळ्या प्रकरणाचं मूळ तिथेच आहे.

डेटाशीटच्या पहिल्या पानावर ‘रेल-टू-रेल’ लिहिलेलं असतं तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी एका शब्दात बसवलेल्या असतात. आउटपुट रेलपर्यंत जाणं ही एक आणि इनपुटने रेलपर्यंतचा सिग्नल स्वीकारणं ही दुसरी. काही चिपमध्ये फक्त आउटपुटच तसं असतं. एमसीपी६००२मध्ये दोन्ही आहेत, पण इनपुटची सोय एका जोडीत होत नाही. आत पी-चॅनेल ट्रान्झिस्टरची एक जोडी खालच्या रेलपासून वरपर्यंतचा बहुतेक भाग सांभाळते आणि वरच्या रेलजवळ तिचा जीव संपला की एन-चॅनेलची दुसरी जोडी काम हातात घेते. दोन्ही जोड्यांचा ऑफसेट (इनपुट आणि आउटपुटमधली कायमची बारीक चूक) वेगळा, कारण दोन्ही वेगवेगळ्या घडलेल्या. हस्तांतर जिथे होतं तिथे ऑफसेट एका किमतीवरून दुसरीवर सरकतो. बहुतेक सीमॉस भागांत ही जागा वरच्या रेलपासून एक ते पावणेदोन व्होल्ट खाली येते. ५ व्होल्टवर म्हणजे ३.२ ते ४ व्होल्टच्या पट्ट्यात. तुमची पायरी ३.८ व्होल्टला, म्हणजे ८.२५ बारला दिसते. कॉम्प्रेसर नेमका याच दाबाच्या आसपास राहतो, त्यामुळे टाकी उतरताना दर वेळी हीच जागा ओलांडली जाणार.

पायरी किती मोठी असू शकते याचा अंदाज डेटाशीटच्या सीएमआरआरवरून, म्हणजे इनपुटची पातळी हलली तर चूक किती वाढते याच्या मापावरून येतो. एमसीपी६००२चा किमान आकडा पूर्ण इनपुट पट्ट्यात ६० डेसिबल आहे. म्हणजे ५ व्होल्टच्या प्रवासात ५ मिलिव्होल्टपर्यंत चूक चालून जाते. एडीसीचा एक काउंट, म्हणजे ५ व्होल्टचा ४०९६वा भाग, १.२२ मिलिव्होल्टचा, त्यामुळे ही चूक चार काउंटची. दाबात ते फक्त ०.०१ बार आहेत आणि डिस्प्लेवर कुणाच्या लक्षातही येणार नाही, पण दाब उतरण्याचा दर काढताना दोन वाचनांची वजाबाकी होते आणि तीच पायरी अचानक गळतीसारखी दिसते. सॉफ्टवेअरमध्ये ती भरून काढायचा मोह टाळा. ही जागा वरच्या रेलला बांधलेली असते. सप्लाय ४.८ झाला की तीही तेवढीच खाली सरकते.

पायरी खरंच ऑप-ॲम्पची आहे की सेन्सरची, हे पाच मिनिटांत कळतं. सेन्सर काढा, दहा फेऱ्यांचा १० किलोओमचा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) ५ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये लावून त्याचा मधला पाय बफरच्या इनपुटला द्या. मल्टीमीटर मिलिव्होल्टच्या रेंजवर ठेवून त्याची एक तार बफरच्या धन इनपुटला आणि दुसरी आउटपुटला लावा. ग्राउंडशी मोजू नका, हा फरकच थेट वाचा. आता पॉट ० ते ५ व्होल्ट फिरवा. मीटरवर एक-दोन मिलिव्होल्ट स्थिर दिसतील आणि एका जागी आकडा सरकून दुसऱ्या किमतीवर बसेल. तीच ती जागा. अगदी दोन्ही टोकांना फरक झपाट्याने वाढेल, ती आउटपुटची मर्यादा. ही दोन दुखणी वेगळी आहेत आणि या एकाच चाचणीत वेगळी दिसतात.

आउटपुटच्या टोकांबद्दल एक बारकावा. एमसीपी६००२चा आउटपुट १० किलोओमच्या लोडवर रेलच्या २५ मिलिव्होल्टपर्यंत जातो असं लिहिलेलं आहे, आणि ते खरं आहे. पण त्याच डेटाशीटमध्ये ओपन-लूप गेन (फीडबॅकशिवाय सिग्नल किती पट होतो ते) मोजताना आउटपुट दोन्ही रेलपासून ०.३ व्होल्ट आत ठेवलेला असतो. म्हणजे २५ मिलिव्होल्टला आउटपुट पोहोचतो, पण तिथे त्याच्या अचूकतेची हमी कुणी देत नाही. तुमचा सिग्नल ०.५ च्या खाली जातच नाही, म्हणून खालच्या टोकाची काळजी नको. ज्यांचा सेन्सर शून्य व्होल्टपासून सुरू होतो त्यांना मात्र शून्यावर वीसेक काउंट अडकलेले दिसतील. त्यांनी एक तर लोड ग्राउंडकडे ठेवावा, म्हणजे आउटपुटला करंट ओढून घ्यावा लागत नाही आणि तो आणखी खाली जातो. नाही तर एलएम७७०५ या चिपने उणे ०.२३ व्होल्टची रेल करून द्यावी. चिपला एकूण ५.२३ व्होल्ट मिळतात आणि एमसीपी६००२ची मर्यादा ६ आहे, त्यामुळे ते बसतं.

तर उपाय. बफरमध्ये सगळा सिग्नल जसाच्या तसा ऑप-ॲम्पच्या इनपुटवर बसतो आणि म्हणून पायरी ओलांडतो. सिग्नल वर-खाली होऊ दे, पण इनपुटच्या पिनांवरचा व्होल्टेज त्या पट्ट्यात जाता कामा नये, अशी रचना शोधायची. त्याचे दोन रस्ते आहेत, आणि तिसरा चिपच बदलण्याचा.

पहिला म्हणजे सिग्नल आधीच लहान करणं. १० किलोओम वर आणि १५ किलोओम खाली असा डिव्हायडर (व्होल्टेज वाटून घेणारी रेझिस्टरची जोडी) ०.६ चा गुणाकार करतो. ०.५ ते ४.५ चे ०.३ ते २.७ व्होल्ट होतात आणि ५ व्होल्टच्या चिपवर २.७ हे पायरीच्या बरंच खाली आहे. हा डिव्हायडर फिल्टरच्या पहिल्या रेझिस्टरचं निम्मं काम फुकटात करतो, ते पुढे येईलच. सेन्सरवर भार येतो २५ किलोओमचा, म्हणजे ४.५ व्होल्टला १८० मायक्रोॲम्पिअर. सेन्सरच्या कागदावर किमान लोड किती लिहिलाय ते पाहा, पण बहुतेक तीन तारांच्या सेन्सरना एवढं जड जात नाही. म्हणून वेगळा बफर लावूच नका. दोन बफर एकामागे एक म्हणजे दोन पायऱ्या आणि दोन ऑफसेट.

दुसरा रस्ता उलटा करणाऱ्या, म्हणजे इन्व्हर्टिंग रचनेचा. मल्टिपल फीडबॅक फिल्टरमध्ये धन इनपुट २.५ व्होल्टवर कायम बांधलेलं असतं, ऋण इनपुटही तिथेच राहतं, आणि पायरी येण्याचा प्रश्नच उरत नाही. तो रस्ता शुद्ध आहे, पण तुमच्या कामात त्यात एक धोका आहे, तो खाली सांगतो.

तिसरा म्हणजे पैसे टाकून सुटणं. ओपीए३६५सारख्या चिपमध्ये आतला चार्ज पंप इनपुटच्या जोडीला रेलपेक्षा जास्त व्होल्टेज पुरवतो, म्हणून एकच जोडी सगळा पट्टा सांभाळते आणि पायरी नाहीशी होते. पण ती ५० मेगाहर्ट्झची चिप आहे. ब्रेडबोर्डवर आणि लांब तारांवर ती नको ते गात बसेल. १०० हर्ट्झच्या कामाला ती घेणं म्हणजे मुंगी मारायला तोफ.

सॅलेन-की फिल्टरचे आकडे

गेन १ चा, दुसऱ्या ऑर्डरचा सॅलेन-की लो-पास घेऊ. इनपुटकडून आर१, मग आर२, मग धन इनपुट. धन इनपुटपासून ग्राउंडला सी२, आणि आर१-आर२च्या जोडावरून आउटपुटला सी१. यात

f० = १ ÷ (२π × √(आर१ × आर२ × सी१ × सी२))

Q = √(आर१ × आर२ × सी१ × सी२) ÷ (सी२ × (आर१ + आर२))

f० म्हणजे फिल्टरची कट-ऑफ फ्रिक्वेन्सी आणि Q म्हणजे कट-ऑफजवळ त्याचा वळणबिंदू किती टोकदार, तो आकडा. बटरवर्थसाठी, म्हणजे कट-ऑफपर्यंत सपाट राहणाऱ्या प्रकारासाठी, Q ०.७०७ हवा. रेझिस्टर सारखे ठेवले तर सी१ बरोबर सी२च्या दुप्पट लागतो आणि तसा कपॅसिटर दुकानात मिळत नाही. म्हणून उलटं करा. कपॅसिटर आधी ठरवा, सी१ २२० नॅनोफॅराड आणि सी२ १०० नॅनोफॅराड, आणि चूक रेझिस्टरकडे ढकला. गणित १४.६ आणि ७.९ किलोओम देतं. १५ आणि ७.५ घातले तर f० येतो १०१ हर्ट्झ आणि Q ०.७०. कपॅसिटरच्या टॉलरन्सपुढे हा फरक मोजण्यासारखाही नाही. सीताबर्डीच्या बाजारात ७.५ किलोओम हाताशी लागला नाही तर १५ किलोओमचे दोन समांतर लावा. मग आर१ आणि आर२ला एकच किंमत पुरते.

डिव्हायडर धरून आर१ असा बनतो: १० आणि १५ किलोओम समांतर म्हणजे ६ किलोओम, त्याच्यापुढे ९.१ किलोओम, एकूण १५.१. झाला आर१. गेन १ च्या सॅलेन-कीमध्ये आर१ आणि आर२ची अदलाबदल केली तरी गणित तेच राहतं, पण मोठा रेझिस्टर पहिला ठेवा. कारण व्हीएफडीच्या भागात कळेल.

कपॅसिटर कुठला घेता यावर फिल्टर ठरतो, ऑप-ॲम्पवर नाही. या रचनेत एक मजेशीर गोष्ट आहे. डीसीला इनपुट आणि आउटपुट सारखेच असल्यामुळे सी१वर जवळजवळ शून्य व्होल्ट असतात, पण सी२वर पूर्ण सिग्नल असतो. स्वस्त सिरॅमिक कपॅसिटरची किंमत त्यावरच्या डीसी व्होल्टेजनुसार घटते. मग दाब वाढला की एकटा सी२ लहान होतो, सी१ तसाच राहतो, आणि Q व f० दोन्ही दाबाबरोबर बदलत जातात. हा दोष डीसी मीटरने कधीच दिसत नाही. म्हणून इथे ५ टक्क्यांचे पॉलिएस्टर फिल्म कपॅसिटर घ्या. सिरॅमिकच घ्यायचा असेल तर एक्स७आर, ५० व्होल्टचा, मोठ्या आकाराचा. वाय५व्ही आणि झेड५यू फक्त सप्लायच्या पायाशी शोभतात, फिल्टरमध्ये नाही. नागपुरात मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो आणि पत्र्याच्या बंद पॅनलमध्ये ६० ते ६५ सहज होतात, त्यात या जातींची कपॅसिटन्स अर्ध्याखाली येऊ शकते.

लोकांना उन्हाची भीती ऑप-ॲम्पबद्दल असते, ती मात्र अनाठायी. एमसीपी६००२चा ऑफसेट दर अंशाला साधारण २ मायक्रोव्होल्ट सरकतो. डिसेंबरच्या पहाटेचे १० अंश आणि मेच्या दुपारचे ६५, मधल्या ५५ अंशांत ११० मायक्रोव्होल्ट. एका काउंटच्या दहाव्या भागाएवढे. इनपुटचा बायस करंट (पिनमधून वाहणारा बारीक करंट) साध्या तापमानाला १ पिकोॲम्पिअरच्या घरात आणि ८५ अंशांना काही दहा पिकोॲम्पिअर, तोही विसरा. विसरू नका ते पावसाळ्याला. बोर्डवर सोल्डरिंगनंतर उरलेला फ्लक्स नीट धुतला नसेल तर ओलाव्यात ५ व्होल्टच्या ट्रॅकपासून इनपुटपर्यंत गळती होते. १०० मेगाओमची गळतीही ५० नॅनोॲम्पिअर ढकलते. २२ किलोओममध्ये त्याचा मिलिव्होल्टभर होतो आणि चालून जातो. पण फिल्टर १० हर्ट्झला आणण्यासाठी रेझिस्टर दहापट केलेत की तो अकरा मिलिव्होल्ट होतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुणं आणि वर कन्फॉर्मल कोटिंग (ओलावा रोखणारा लेप), दोन्ही करा.

१०० हर्ट्झ का, हा प्रश्न स्वतःला विचारून पाहा. १०० हर्ट्झचा बटरवर्थ ५० हर्ट्झची गुणगुण जवळजवळ अडवतच नाही, ९७ टक्के पुढे जाऊ देतो. दाब मिनिटांत बदलतो, त्यामुळे फिल्टर १० हर्ट्झला आणला तरी काही बिघडत नाही, तेव्हा ५० हर्ट्झ २५ पट कमी होतो. पण त्याहून सोपी युक्ती आहे. फिल्टर १०० वरच ठेवा, दर मिलिसेकंदाला एक वाचन घ्या आणि सलग २० वाचनांची सरासरी काढा. २० मिलिसेकंद म्हणजे ५० हर्ट्झचं एक पूर्ण आवर्तन, गुणगुण आपोआप वजा होते. दर सेकंदाला १००० वाचनं घेताना ९०० हर्ट्झचा आवाज १०० हर्ट्झ होऊन आत येतो, त्याला हा फिल्टर ८१ पट दाबतो. तेवढं पुरे.

गेन-बँडविड्थचा, म्हणजे ऑप-ॲम्प किती फ्रिक्वेन्सीपर्यंत काम करतो त्या आकड्याचा, नियम बहुतेकांना पाठ असतो: गेन १ च्या फिल्टरला तो कट-ऑफच्या शंभरपट ठेवा. १०० हर्ट्झला १० किलोहर्ट्झ पुरतात, एमसीपी६००२कडे १ मेगाहर्ट्झ आहे. २० किलोहर्ट्झच्या ऑडिओ फिल्टरला मात्र २ मेगाहर्ट्झ लागतील आणि ही चिप तिथे कमी पडेल. १० मेगाहर्ट्झचा एमसीपी६०२२ घ्या.

मल्टिपल फीडबॅक, आणि तो तुम्हाला का नको

आकडे देऊन ठेवतो, इतर कामाला येतील. इनपुटचा आर१ १५ किलोओम, आउटपुटवरून त्याच जोडावर येणारा आर२ १५ किलोओम, जोडापासून ऋण इनपुटला आर३ ३.३ किलोओम. जोडावरून ग्राउंडला ४७० नॅनोफॅराड, आउटपुटवरून ऋण इनपुटला १०० नॅनोफॅराड. f० १०४ हर्ट्झ, Q ०.७१, गेन उणे १. धन इनपुटला १० किलोओमच्या दोन रेझिस्टरनी केलेले २.५ व्होल्ट आणि त्यावर १० मायक्रोफॅराड. तिथे करंट जातच नाही, म्हणून त्या २.५ व्होल्टला बफर लागत नाही. सप्लाय चालू केल्यावर हे २.५ व्होल्ट बसायला अर्धा सेकंद लागतो, तोवरची वाचनं टाकून द्या. आउटपुट ५ वजा इनपुट असा येतो, तो सॉफ्टवेअरमध्ये उलटा करायचा.

यात पायरी नाही, वरच्या फ्रिक्वेन्सीची गळतीही नाही (ती व्हीएफडीच्या भागात येते). पण सेन्सरची तार तुटली तर आउटपुट २.५ व्होल्टवर जाऊन बसतो, म्हणजे टाकीत ५ बार असल्यासारखं सगळं ठीक दिसतं. इनपुटला १०० किलोओमचा पुलडाउन (ग्राउंडकडे खेचणारा रेझिस्टर) लावला तरी तो २.८ च्या आसपासच जातो. दाबाच्या कामात असं वाचन नको. डिव्हायडरच्या सर्किटमध्ये तार तुटली की १५ किलोओम इनपुटला थेट शून्यावर खेचतो, आणि ०.३ च्या खालचं वाचन म्हणजे तार गेली, इतकं सरळ आहे. शिवाय ०.५ व्होल्टला उलट्या रचनेत सेन्सरला १३३ मायक्रोॲम्पिअर आत ओढून घ्यावे लागतात आणि सगळ्या सेन्सरना ते जमत नाही. तुमच्यासाठी डिव्हायडर आणि सॅलेन-कीच बरा. अर्थात टाकीवरचा यांत्रिक सेफ्टी व्हॉल्व्ह या वाचनावर कधीही अवलंबून असता कामा नये.

डिव्हायडरची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. ४ व्होल्टऐवजी २.४ व्होल्टचा पट्टा मिळतो, १२ बिटवर त्याचे १९६६ काउंट होतात, म्हणजे एका काउंटला ०.००५ बार. आणि १ टक्क्याचे रेझिस्टर असले तर गेनमध्ये ०.८ टक्क्यांपर्यंत चूक येते. टाकी रिकामी असताना एक आणि चांगल्या गेजशी ताडून दुसरं, अशा दोन वाचनांनी ती निघून जाते. सेन्सर ५ व्होल्टच्या प्रमाणात आउटपुट देणारा असेल तर एमसीपी३२०२ही सप्लायलाच संदर्भ मानतो, त्यामुळे सप्लाय हलला तरी गुणोत्तर हलत नाही. ३.३ व्होल्टच्या मायक्रोकंट्रोलरचा एडीसी वापरणाऱ्यांना हा आधार नाही. त्यांनी दुसऱ्या चॅनेलवर तोच डिव्हायडर लावून ५ व्होल्ट वाचावेत आणि भागाकार करावा.

थरथर

०.१ मायक्रोफॅराड थेट आउटपुटवर लावला म्हणून ती होते. ऑप-ॲम्पच्या आतला आउटपुट रेझिस्टन्स आणि हा कपॅसिटर मिळून फीडबॅकमध्ये उशीर तयार करतात, आणि गेन १ चा बफर या उशिराला सगळ्यात हळवा असतो. एमसीपी६००२ शंभरेक पिकोफॅराडपर्यंत निमूट चालतो. शील्डेड केबल मीटरला शंभर पिकोफॅराडच्या आसपास असते, त्यामुळे आउटपुट केबलवरून पाठवला तरी हेच होईल. उपाय जुना आहे. आउटपुट आणि कपॅसिटर यांच्यामध्ये एक रेझिस्टर, आणि फीडबॅकची तार रेझिस्टरच्या अलीकडून घ्यायची, पलीकडून नाही. ही चूक बोर्डवर फार होते, कारण ट्रॅक ओढताना दोन्ही बिंदू शेजारीच असतात. तुमच्यासाठी ४७० ओम आणि एडीसीच्या पायाशी १० नॅनोफॅराड. एमसीपी३२०२चा आतला सॅम्पल कपॅसिटर २० पिकोफॅराडचा आहे, १० नॅनोफॅराड त्याला पाचशेपट पुरतो. तपासायला इनपुटवर १०० मिलिव्होल्टचा, १ किलोहर्ट्झचा चौकोनी सिग्नल द्या. फिल्टरमधून तो जाणार नाही, म्हणून ही चाचणी सी१ आणि सी२ दोन्ही काढून थेट धन इनपुटवर करा. आउटपुटची उडी २५ टक्क्यांवर गेली तर रेझिस्टर वाढवा.

याच कारणाने व्हर्च्युअल ग्राउंडचा (सप्लायच्या मध्यावर केलेल्या संदर्भाचा) बफर करताना त्याच्या आउटपुटवर १०० मायक्रोफॅराड लावणारे फसतात. मोठा कपॅसिटर डिव्हायडरवर, बफरच्या आधी.

व्हीएफडी

व्हीएफडीची स्विचिंग फ्रिक्वेन्सी २ ते १६ किलोहर्ट्झची, आणि तिला हा फिल्टर आरामात दाबतो. त्रास देतात त्या स्विचिंगच्या कडा, ज्यांची ऊर्जा मेगाहर्ट्झपर्यंत पसरलेली असते. तिथे दोन गोष्टी घडतात.

सॅलेन-कीची रचना १९५५ची, एमआयटीच्या लिंकन लॅबमधली. तीत बफर आदर्श मानला आहे. खरा ऑप-ॲम्प १ मेगाहर्ट्झच्या वर बफर राहत नाही, नुसता काही शे ओमचा रेझिस्टर उरतो. मग वरचा आवाज आर१मधून, सी१मधून थेट आउटपुटवर पोहोचतो आणि ऑप-ॲम्प त्याला ग्राउंड करू शकत नाही. आउटपुट रेझिस्टन्स ३०० ओम आणि आर१ १५ किलोओम धरला तर २ टक्के सिग्नल आरपार. म्हणूनच मोठा रेझिस्टर पहिला. आणि म्हणूनच १ किलोहर्ट्झला शंभरपट दाबणारा फिल्टर १ मेगाहर्ट्झला पन्नासपटच दाबताना दिसतो. शेवटचे ४७० ओम आणि १० नॅनोफॅराड इथे पुन्हा कामाला येतात.

दुसरी गोष्ट जास्त छळते. हा आवाज इनपुटच्या ट्रान्झिस्टरवर पोहोचला की त्याचं डीसीत रूपांतर होतं आणि ऑफसेट सरकतो. एकदा तो डीसी झाला की पुढचा कुठलाही फिल्टर त्याला काढू शकत नाही. त्याला बोर्डच्या दारातच अडवायचं: केबल जिथे बोर्डवर येते तिथे १ किलोओम आणि त्यामागे १० नॅनोफॅराड, त्याचा ग्राउंडचा पाय कनेक्टरच्या ग्राउंडला सगळ्यात जवळ. हा १ किलोओम डिव्हायडरच्या वरच्या रेझिस्टरचाच भाग समजा, म्हणजे १० ऐवजी ९.१ किलोओम घाला. कुणी चुकून २४ व्होल्ट सिग्नलच्या तारेवर दिले तरी डिव्हायडरमागचे १४.४ व्होल्ट वीसेक किलोओममधून इनपुटपर्यंत येतात आणि करंट अर्धा मिलिॲम्पिअरही होत नाही. चिपची मर्यादा २ आहे.

हे करूनही वाचन सरकत असेल तर ऑप-ॲम्पला दोष देण्याआधी बोर्डच्या कनेक्टरवर केबल काढा आणि तिथे १.५ व्होल्टचा सेल लावा. व्हीएफडी चालू करा. आता वाचन स्थिर असेल तर आवाज केबलमधून येत होता: शील्ड फक्त बोर्डच्या टोकाला जोडा आणि केबल मोटरच्या तारांपासून एक फूट तरी दूर न्या. सेल लावूनही सरकत असेल तर आवाज ग्राउंडमधून किंवा सप्लायमधून येतोय. सेन्सरच्या ग्राउंडची तार पॅनलच्या अर्थ पट्टीवरून फिरवून आणलेली असते, बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

चिप घेताना

एमसीपी६००२चे पाय एलएम३५८सारखेच आहेत, त्यामुळे जुन्या बोर्डवर ती थेट बसते. पण बोर्ड १२ व्होल्टचा असेल तर बसवल्या क्षणी जाते. १२ व्होल्टला टीएलव्ही२३७२ घ्या, ती १६ व्होल्टपर्यंत चालते. दुकानातून आणलेली चिप खरी की एलएम३५८वर नवं नाव छापलेली, हे लोडशिवाय सप्लायचा करंट मोजून कळतं. एमसीपी६००२ दोन्ही अर्ध्या मिळून २०० मायक्रोॲम्पिअरच्या आसपास घेते, एलएम३५८ अर्धा मिलिॲम्पिअर किंवा जास्त. बफर करून ४.८ व्होल्ट द्या, आउटपुट ३.५ लाच थांबला तर उत्तर मिळालंच. सप्लायच्या पायाशी १०० नॅनोफॅराड, दोन-तीन मिलिमीटरच्या आत, आणि जवळ कुठेतरी १० मायक्रोफॅराड.

बफर काढल्यामुळे चिपची एक अर्धी मोकळी राहील. तिचं ऋण इनपुट तिच्याच आउटपुटला जोडा आणि धन इनपुट दोन १०० किलोओमच्या मधल्या बिंदूला, २.५ व्होल्टला. ग्राउंडला जोडलं तर आउटपुट रेलला चिकटून बसतो, आणि पाय नुसते सोडले तर ती अर्धी स्वतःशीच डोलत राहते व तिचा आवाज त्याच सप्लायमधून शेजारच्या फिल्टरमध्ये उतरतो.